सदुसष्ट नंबरची हजेरी

"पोरी, बॅगा मोजू नकोस, तोंडं मोज," असं विल्मा स्क्रॉगिननं सांगितलं होतं आणि मेरिननं ते हसण्यावारी नेलं होतं.

ऑगस्ट संपत आला होता. टॅल्बर्गच्या राज्य विद्यापीठाचं नवं सत्र सुरू व्हायला चार दिवस होते. विल्माचे गुडघे गेले होते, म्हणून तिचं काम मेरिनकडे येत होतं. काम साधंच होतं. क्रीडा विभागाच्या वतीनं दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत फिरायचं, तास सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी वर्गाच्या दाराच्या काचेतून आत डोकवायचं आणि अमेरिकन फुटबॉलच्या संघातली कोणकोण पोरं बसलीत त्याच्या खुणा फोनवरच्या यादीत करायच्या. हिरवी खूण म्हणजे हजर, लाल म्हणजे गैरहजर. लाल पडली की संध्याकाळी त्या पोराला स्टेडियमच्या सगळ्या पायऱ्या पळत चढाव्या लागत.

"तोंडं कशी दिसणार, विल्मा? सगळे टोप्या नाकापर्यंत ओढून मागच्या रांगेत बसतात."

"म्हणूनच तर सांगतेय ना."

पण विभागानं त्याचीही सोय केलेली होती. संघातल्या प्रत्येकाला एकसारखी करडी बॅग आणि तिच्यावर नारिंगी दोऱ्यानं शिवलेला ज्याचा त्याचा नंबर. बॅग पायाशी ठेवायची नाही, पुढच्या बाकावर ठेवायची आणि नंबर दाराकडे करायचा, असा नियमच होता. मेरिनला वाटलं, म्हातारीनं तीस वर्षं ग्रंथालयात पुस्तकं मोजली, आता तिला प्रत्येक गोष्टीत चोरी दिसते. खरं तर संशयाच्या बाबतीत मेरिन कुणाला हार जाणारी नव्हती. तिचा चौदा महिन्यांचा मुलगा ओटिस झोपला की ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास लागतोय ना ते बघायची, परत जायची आणि परत येऊन बघायची. नवरा कोल पवनचक्क्यांच्या दुरुस्तीवर महिन्यातले वीस दिवस बाहेर. पण काळजी करायची ती घरातल्या गोष्टींची, असं तिचं तेव्हा मत होतं. बॅगांची काळजी कोण करतं!

शिवाय या कामाबरोबर पाळणाघर मिळत होतं. विद्यापीठाचं जुनं पाळणाघर, जिथे प्राध्यापकांची आणि सफाईवाल्यांची पोरं एकत्र लोळायची, ते दोन वर्षांपूर्वी पैसा नाही म्हणून बंद पडलं होतं. नवं पाळणाघर निघालं ते क्रीडा विभागाच्या चार मजली काचेच्या केंद्रात, प्रशिक्षकांच्या आणि विभागाच्या नोकरमाणसांच्या मुलांसाठी. मेरिन याच विद्यापीठात जर्मन शिकली होती. तो जर्मन विभागही बंद झाला होता. ज्या खोलीत तिनं व्याकरण घोकलं, तिथं आता खेळाडूंचे बूट मापून देणारा माणूस बसायचा. ओटिसला सोडायला जाताना ती रोज त्या खोलीवरून जायची आणि तिकडे बघायची नाही.

सदुसष्ट नंबर एमेट क्रॅन्डलचा. संघातली बाकी पोरं तिला खांबासारखी समजून बाजूनं निघून जात. एमेट तेवढा थांबायचा. साडेसहा फुटी देह, बैलासारखी मान आणि आवाज मात्र एखाद्या शाळकरी पोराचा. चेंडू घेऊन पळणं हे त्याचं काम नव्हतं. समोरून धावून येणाऱ्यांना छातीनं आणि डोक्यानं अडवायचं, बस्स. एकदा मेरिनच्या फोनवर ओटिसचा फोटो दिसला, तर यानं गाल आत ओढून माशासारखं तोंड केलं. "याला हे दाखवा मॅम, हसतो की नाही बघा." त्या दिवसापासून वर्गात बसला की तो काचेकडे बघून दोन बोटं वर करायचा. हजर आहे, मॅम.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती दोन बोटं दिसेनाशी झाली. बॅग होती. बॅगेमागे एक आडदांड देह होता, टोपीवरून जाकिटाची खोळ ओढलेला. असेल मनःस्थिती वाईट, मेरिननं मनाशी म्हटलं. या वयात घरून एक फोन आला तरी आठवडा बिघडतो. सोमवारी हिरवी खूण. मंगळवारी हिरवी. शुक्रवारपर्यंत पाच. पुढच्या सोमवारी सहावी.

मंगळवारी ओटिसला थोडी कणकण होती, म्हणून पाळणाघरानं त्याला घेतलं नाही. मेरिन त्याला कडेवर घेऊनच भूगर्भशास्त्राच्या वर्गाबाहेर उभी राहिली. या विषयाला सगळं विद्यापीठ "पैलवानांचे दगड" म्हणायचं, कारण अर्धा संघ इथेच नाव घालायचा. तास सुटला, पोरं बाहेर पडली. सदुसष्टची बॅग तिच्या खांद्याला घासून गेली. ओटिसला वरून लोंबणारा नारिंगी गोंडा दिसला आणि त्यानं तो मुठीत धरला. पुढचा गडी थांबला, वळला, खाली वाकून गोंडा सोडवायला लागला. मेरिननं खोळीच्या आत पाहिलं.

तो एमेट नव्हता.

"तू कोण?"

"व्हॉन वीक्स, मॅम." पोरगा गडबडला. "एकाहत्तर."

"एकाहत्तरची बॅग कुठंय? आणि या वर्गाच्या यादीत तर तू नाहीस."

"बॅगा बदलल्या असतील. गडबडीत."

"सहा दिवस गडबड चालू आहे?"

व्हॉननं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "तुम्ही फक्त खूण करा ना, मॅम. आजवर करतच होतात की."

ते मेरिनला कानफटात बसल्यासारखं लागलं. "एमेट कुठाय?"

"खोलीवर. बरा आहे. झोपतो जरा जास्त." आणि मग, जाता जाता, हळूच: "प्रेअरी कोर्ट. चौदा नंबर. मी सांगितलं म्हणू नका."

मेरिननं सदुसष्टच्या नावापुढे लाल खूण केली. संध्याकाळी ओटिसला औषध पाजताना तिनं सहज यादी उघडली. सदुसष्ट हिरवा होता. तिनं फोन बंद करून पुन्हा चालू केला. हिरवाच.

पाणी कुठेतरी मुरत होतं. आणि ज्या भांड्यातून ते मुरत होतं ते आपल्याच हातात आहे, हे तिला त्या रात्री नीट कळलं.

बुधवारी ओटिसचा ताप उतरला. त्याला सोडून ती तिसऱ्या मजल्यावर ट्रिप हॅवर्डकडे गेली. खेळाडूंच्या अभ्यासाची व्यवस्था ट्रिप बघायचा. चाळिशीचा, दात पांढरेशुभ्र, कुणालाही भेटला की आधी मुठीला मूठ भिडवायला हात पुढे करणारा.

"या या, आमच्या वाघीणबाई! बाळ काय म्हणतंय? पाळणाघर आवडलं ना त्याला?"

आल्या आल्या पाळणाघराचं नाव कशाला काढलं यानं, असं मेरिनच्या मनात आलं. "ट्रिप, काल मी सदुसष्टला गैरहजर लावलं होतं. ते हिरवं कसं झालं?"

"अगं, चूक झाली होती तुझ्याकडून. आम्ही दुरुस्त केली."

"चूक नव्हती. तिथे दुसराच मुलगा होता."

"बॅग होती?"

"बॅग होती."

"मग?" ट्रिप हसला. "मेरिन, तू दमलेली आहेस. कडेवर मूल घेऊन उभी होतीस असं ऐकलं. नियमात बसत नाही ते, पण मी काही बोललो का? नाही ना?"

"एमेटला काय झालंय?"

"औषधपाण्याची गोष्ट गोपनीय असते. कायदाच आहे तसा. पण तुझा जीव भांड्यात पडावा म्हणून सांगतो." त्यानं खुर्ची पुढे ओढली. "डोक्याला मार लागला की पोरगा आधी वर्गात परततो, मग मैदानात. आठवडाभर रोज वर्गात बसला, उजेडाचा त्रास नाही, आवाजाचा त्रास नाही, तर डॉक्टर पुढची सही करतात. एमेट रोज वर्गात होता. शनिवारी खेळतोय. म्हणजे झाला की बरा!"

"वर्गात होता हे कुणी सांगितलं डॉक्टरांना?"

ट्रिपचं हसू तसंच राहिलं, डोळे तेवढे थंड झाले. "तूच. तुझ्याच खुणा आहेत ना त्या?"

मेरिन जिना उतरून खाली आली. म्हणजे हजेरीचा हा सगळा खटाटोप पोरांनी शिकावं म्हणून नव्हताच. तिनं काचेतून पाहिलं होतं एका बॅगेकडे आणि डॉक्टरांनी त्याला एका माणसाचं बरं झालेलं डोकं समजून सही केली होती. ट्रिपला सगळं माहीत होतं का? की त्यालाही कुणीतरी वरून सांगितलं होतं? की कुणीच कुणाला काही सांगितलं नव्हतं आणि प्रत्येकानं आपल्या खिडकीपुरतं पाहून पुढे ढकललं होतं? यातलं शेवटचं तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

एकच माणूस होता जो एमेटला वर्गात समोरून बघत होता. ती भूगर्भशास्त्राच्या इमारतीत गेली. डॉ. हॉलिस पेटीबोन व्हरांड्यात खोक्यांच्या रांगेमध्ये बसून दगडांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. संग्रहालयाची खोली गेल्या वर्षी खेळाडूंच्या अभ्यासिकेला गेली, तेव्हापासून दोन अब्ज वर्षांचे दगड असे खोक्यांत पडून होते. शेजारच्या बादलीत छतातून थेंब पडत होता.

"या, गुप्तहेरबाई," ते म्हणाले. "माझ्या वर्गात कोण आलं हे बघायला पगारी माणूस आहे. माझ्या वर्गाचं छप्पर बघायला मात्र नाही."

"डॉक, सदुसष्ट नंबरचा मुलगा तुमच्या वर्गात येत नाहीये."

"माहितीय."

"माहितीय?"

"मला दगडांतला फरक कळतो, बाई. माणसांतला नाही कळणार?" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "क्रॅन्डल पहिल्या महिन्यात प्रश्न विचारायचा. खरे प्रश्न. त्याच्या गावच्या नदीत लाल गोटे का सापडतात म्हणून एकदा अर्धा तास डोकं खाल्लं माझं. आता त्याच्या जागी बसतो तो झोपतो. आणि क्रॅन्डलच्या चाचण्या मात्र पास होताहेत. चाचण्या तिकडे केंद्रात होतात, त्यांच्या देखरेखीखाली."

"मग तुम्ही गप्प का?"

"तीन वर्षांपूर्वी एकाला नापास केलं होतं. दुसऱ्या दिवशी अधिष्ठात्यांचा फोन. खेळाचा पैसा वेगळा आणि शिक्षणाचा वेगळा, असं मला समजावलं. मी विचारलं, वेगळा आहे तर प्रत्येक पोराच्या फीमध्ये खेळाचा आकार कसा? माझी सूक्ष्मदर्शकांची मागणी त्या वर्षी बाद झाली. स्टेडियमवर मात्र नवा फलक लागला. चार मैलांवरून दिसतो." त्यांनी हातातला दगड खोक्यात ठेवला. "तुमचं जर्मन गेलं. पुढची पाटी माझी आहे. सहा शिक्षकांची पोटं आहेत या इमारतीत."

"त्याच्या डोक्याचा प्रश्न आहे, डॉक."

डॉक्टरांनी बादली पायानं थेंबाखाली नीट सरकवली. "तुम्ही जाऊन बघा," ते म्हणाले. "आणि मला सांगू नका."

गुरुवारी दुपारी मेरिन ओटिसला बाबागाडीत घालून प्रेअरी कोर्टला गेली. चौदा नंबरच्या खिडकीला आतून घोंगडी ठोकलेली होती. तिनं तीनदा दार वाजवलं. दार वीतभर उघडलं. आत काळा चष्मा घातलेला एमेट, हातानं भिंत धरून. खोलीत आंबट वास. मोरीपाशी टॉवेलांचा ढीग.

"मी मेरिन. वर्गाबाहेर असते ती."

"हो हो. मॅम." तो थांबला. "नाव सांगितलंत का?"

"आत्ताच सांगितलं. मेरिन."

ओटिसनं बाबागाडीतून हुंकार दिला. एमेट त्या आवाजानं असा दचकला की त्याचं डोकं चौकटीवर आपटायचं राहिलं. मग तो खाली वाकायला गेला आणि अर्ध्यातच थांबून त्यानं डोळे मिटले.

"कधी लागलं?"

"गेल्याच्या गेल्या शनिवारी. काही नाही, नुसती घंटा वाजली डोक्यात. पहिले दोन दिवस ओकारी झाली. आता सकाळीच फक्त."

"व्हॉनला बॅग घेऊन कुणी पाठवलं?"

"मीच म्हटलं त्याला." हे तो फार पटकन म्हणाला. "कुणीतरी म्हणालं असं करता येतं, मग मी म्हटलं. मॅम, मी नाही खेळलो तर माझी जागा जाईल. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती द्यायची की नाही ते तेच ठरवतात. आणि आई येतेय. तेरा तास गाडी चालवून येतेय. तिनं मला इथे खेळताना पाहिलेलं नाही अजून."

"आईला सांगितलंस?"

"काय?"

"डोक्याचं."

"तिला कशाला त्रास." आणि मग, अगदी सहज, भिंतीला टेकत: "नाव काय म्हणालात तुमचं?"

मेरिननं त्याचा हात धरला. त्या पंजात तिची बोटं हरवून गेली. "एमेट, मी डॉक्टरांना सांगणार आहे."

"नका सांगू, मॅम." तो रडत होता की उजेडानं डोळ्यांना पाणी येत होतं, हे चष्म्यामुळे कळलं नाही. "तुम्ही चांगल्या आहात. नका सांगू."

तिनं सांगितलं. घरी पोचायच्या आत, रस्त्याच्या कडेला उभं राहून तिनं संघाच्या डॉक्टरांच्या कार्यालयात फोन लावला. तिथली बाई म्हणाली, कागदपत्रं पूर्ण आहेत, निरोप ठेवते. आईचा नंबर मागितला, तर तो कुणालाही देता येत नाही म्हणाली. मेरिननं यादी उघडून मागच्या सहा खुणा लाल करायचा प्रयत्न केला. जुन्या तारखा आता तिच्यासाठी बंद होत्या.

शुक्रवारी सकाळी यादीच उघडली नाही. पाळणाघराच्या दारात कॅरल नावाची सांभाळणारी बाई ओटिसची दुधाची बाटली परत करत म्हणाली, "तुमचं नाव आज फलकावर नाही, ताई. मला काही विचारू नका. मला दोन पोरं आहेत."

मेरिन तशीच प्रेअरी कोर्टला गेली. दार उघडलं नाही. घोंगडी निघालेली, खिडकीतून खोली रिकामी दिसत होती. शेजारच्या पोरीनं सांगितलं, "संघ गेला ना हॉटेलवर. सामना गावातच असला तरी आदल्या दिवशी सगळ्यांना तिकडेच ठेवतात. फोनसुद्धा काढून घेतात." विद्यापीठाच्या पोलिसांना फोन केला तर शिपाई समजुतीनं म्हणाला, "बाई, तो संघाच्या डॉक्टरांबरोबर आहे. त्याच्याहून सुरक्षित जागा कुठली? तुम्ही जाताय ना उद्या? ऊन पडणार आहे."

घरी येऊन तिनं ओटिसला खाली ठेवलं आणि कोलला फोन केला. तो मनोऱ्यावर होता, उचलला नाही. तिला कायदा माहीत होता. कुणाच्या आजाराबद्दल चारचौघांत बोलू नये, हेही कळत होतं. नोकरी तर गेल्यातच जमा होती. पण तिनं केलेल्या सहा खुणा अजून कुठल्यातरी कागदावर हिरव्याच होत्या आणि त्या खुणांवर उद्या दुपारी एक वाजता एक मुलगा मैदानात उतरणार होता. टॅल्बर्गचे लोक जुने पाळणे, हरवलेली मांजरं आणि ताज्या अंड्यांच्या जाहिराती ज्या पानावर टाकतात, ते पान तिनं फोनवर उघडलं. चारदा लिहून खोडलं. पाचव्यांदा लिहिलं ते हे:

"उद्या सामन्याला जाणाऱ्यांसाठी. माझं नाव मेरिन डॉल्बी. मी क्रीडा विभागासाठी हजेरी लावायचे. सदुसष्ट नंबरची गेल्या आठवड्याची हजेरी मी लावली, ती खोटी आहे. तो वर्गात नव्हता. गुरुवारी मी त्याला भेटले. दोन मिनिटांत त्यानं माझं नाव दोनदा विचारलं. मी खोटं बोलते असं तुम्हाला वाटत असेल तर वाटू दे. त्यासाठी माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, डोळे असले की पुरे. तुम्ही साठ हजार जण तिथे असाल. चेंडूकडे सगळेच बघतील, तुम्ही बघू नका. अडवणाऱ्यांच्या रांगेत उजव्या टोकाकडून दुसरा, सदुसष्ट, त्याच्याकडे बघा. प्रत्येक वेळी खाली पडल्यावर तो उठतो का बघा. उठून आपल्याच माणसांकडे चालतो का बघा. नाही चालला तर ओरडा. आणि घरच्या माणसांच्या रांगेत, प्रवासानं दमलेली, इथली रीत माहीत नसलेली एक बाई बसलेली असेल, क्रॅन्डल नावाची. तुमच्यातलं कुणी तिच्या जवळ असेल तर सामना सुरू व्हायच्या आधी तिला जाऊन एवढंच सांगा, की तुमच्या मुलाला आज एकदा जवळून बघा."